आजारपण आणि म्हातारपण : दोन खर्च, एकच तरतूद

म्हातारपणासाठी काय ठेवले आहे, असे व्यापाऱ्याला विचारले की उत्तर ठरलेले असते. दुकान आहे, दुकानात माल आहे, बाजारात उधारी येणे आहे, घरात थोडे सोने आहे आणि मुले आहेत. कारागिराचे उत्तर याहूनही लहान असते. हात चालतात तोवर चालेल, पुढचे अल्लाह मालिक. या दोन्ही उत्तरांत एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे मधले आजारपण. दुकान, माल, उधारी, सोने यांतील बरेच काही म्हातारपणापर्यंत पोचतच नाही. वाटेत एखादे हृदयाचे ऑपरेशन, मूत्रपिंडाचा विकार किंवा कॅन्सर येतो, आणि वीस वर्षांची जमा वीस दिवसांत इस्पितळाच्या काउंटरवर जाते. ही गोष्ट कोणत्या मोहल्ल्यात घडलेली नाही?

म्हातारपणाच्या तरतुदीचा विचार आजारपणापासून सुरू केला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. अमेरिकेत नेमक्या याच विचारावर एक बचत खाते उभे आहे. 'हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट', म्हणजे आरोग्य बचत खाते, असे त्याचे नाव. ते खाते भारतात उघडता येत नाही. मग त्याची चर्चा येथे कशाला, असे कोणी म्हणेल. त्याची दोन कारणे आहेत. आपल्या वाचकांपैकी काहींची मुले, पुतणे, भाचे अमेरिकेत नोकरी-धंदा करीत आहेत, त्यांना ही माहिती थेट उपयोगी आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. खाते उचलून आणता आले नाही तरी त्यामागची शिस्त आणता येते, आणि ती आपल्या व्यापाऱ्याला व कारागिराला आज हवी आहे.

खाते आहे तरी काय

या खात्याची सुरुवात छोट्या धंदेवाईकांपासून झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९९६ च्या एका कायद्याने अमेरिकेत स्वतःचा धंदा करणारे लोक आणि ५० पर्यंत नोकर असलेल्या लहान पेढ्या यांच्यासाठी वैद्यकीय बचत खात्याचा मर्यादित प्रयोग सुरू झाला. पुढे डिसेंबर २००३ मध्ये नवा कायदा झाला आणि १ जानेवारी २००४ पासून सध्याचे आरोग्य बचत खाते सर्वांना खुले झाले. ते उघडायला नोकरीच हवी असे नाही. टॅक्सी चालविणारा, किराणा दुकान चालविणारा, सुतारकाम करणाराही ते स्वतः उघडू शकतो.

अट मात्र एक आहे आणि तीच या साऱ्या रचनेचा पाया आहे. खातेदाराकडे आधी एका विशिष्ट प्रकारचा आरोग्य विमा असला पाहिजे. या विम्यात वर्षाच्या सुरुवातीचा ठराविक खर्च माणसाने स्वतःच्या खिशातून करायचा असतो, त्यानंतर विमा कंपनी पुढे येते. २०२६ सालासाठी ही खिशातली रक्कम एकट्या माणसाला किमान १,७०० डॉलर आणि कुटुंबाला किमान ३,४०० डॉलर ठरलेली आहे. विम्यात मोडणाऱ्या उपचारांसाठी वर्षभरात एकूण किती पैसे खिशातून जातील यालाही मर्यादा आहे. ती एकट्याला ८,५०० आणि कुटुंबाला १७,००० डॉलर. म्हणजे लहान दुखणे आपले आणि मोठे दुखणे विम्याचे, असा हा व्यवहार आहे. सुरुवातीचा भार माणसाने घेतल्यामुळे विम्याचा हप्ता साधारणपणे कमी बसतो. या वाचलेल्या हप्त्यातून आणि स्वतःच्या कमाईतून माणसाने आरोग्य बचत खात्यात पैसे टाकावेत अशी कल्पना आहे. २०२६ मध्ये एकट्याला वर्षाला ४,४०० आणि कुटुंबाला ८,७५० डॉलरपर्यंत टाकता येतात. वय ५५ च्या पुढे असेल तर आणखी १,००० डॉलर.

१ जानेवारी २०२६ पासून यात एक बदल झाला आहे. सरकारी विमा बाजारातून घेतलेल्या 'ब्राँझ' या खालच्या पायरीच्या योजना आणि केवळ मोठ्या संकटासाठी असलेल्या योजना यांच्या धारकांनाही आता हे खाते उघडता येते. स्वतःचा विमा स्वतः विकत घेणाऱ्या छोट्या धंदेवाईकाला याचा फायदा आहे.

तीन ठिकाणी करमाफी

या खात्याचे वैशिष्ट्य म्हणजे केंद्र सरकारचा प्राप्तिकर तीन ठिकाणी सुटतो. खात्यात टाकलेली रक्कम उत्पन्नातून वजा होते. खात्यातील पैसे गुंतविले आणि वाढले, तर त्या वाढीवर कर नाही. आणि उपचारासाठी पैसे काढले, तर काढतानाही कर नाही. तेथील निवृत्तीच्या इतर खात्यांत एक तर टाकताना कर भरावा लागतो, नाही तर काढताना. येथे दोन्ही वेळा माफी आहे. (कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी ही दोन राज्ये आपल्या राज्यकरात ही सवलत मानत नाहीत, हे तेथे राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.)

आता म्हातारपणाशी याचा संबंध कसा येतो ते पाहू. वर्षअखेरीस उरलेले पैसे बुडत नाहीत, ते पुढच्या वर्षी तसेच राहतात. नोकरी सुटली, गाव बदलले, विमा बदलला, तरी खाते त्या माणसाचेच राहते. ६५ वर्षांच्या आत उपचाराखेरीज दुसऱ्या कामाला पैसे काढले तर त्यावर कर आणि वर २० टक्के दंड बसतो. ६५ पूर्ण झाल्यावर मात्र दंड नाही. उपचारासाठी काढले तर करही नाही. घरखर्चासाठी काढले तर फक्त नेहमीचा कर. म्हणजे तरुणपणी जे आजारपणाचे खाते होते, तेच उतारवयात निर्वाहाचे खाते होऊन बसते.

जाणकार लोक यात आणखी एक युक्ती वापरतात आणि ती पूर्णपणे कायदेशीर आहे. खाते उघडल्यानंतर झालेला दवाखान्याचा खर्च ते खिशातून भरतात, पावती जपून ठेवतात आणि खात्याला हात लावत नाहीत. खर्चाची भरपाई अमुक वर्षांतच घेतली पाहिजे असे बंधन नाही. आज ३,००० डॉलर दवाखान्यात भरले, विम्याने ते दिले नाहीत आणि पावती ठेवली, तर वीस वर्षांनंतरही तेवढे ३,००० डॉलर त्या पावतीवर करमुक्त काढता येतात. मधली वीस वर्षे ते पैसे गुंतवणुकीत राहतात.

अमेरिकेतील म्हाताऱ्याला सरकारी 'मेडिकेअर' आहे, मग हे कशाला, असा प्रश्न येईल. मेडिकेअर ६५ व्या वर्षी लागू होते हे खरे. पण त्यातील डॉक्टरांच्या भागाला दरमहा हप्ता असतो, आणि मूळ योजनेत दातांचे बहुतेक उपचार, नेहमीचे चष्मे व कानाची यंत्रे येत नाहीत. हा सारा खर्च आरोग्य खात्यातून करमुक्त होतो. मेडिकेअरचा हप्ताही त्यातून भरता येतो. उतारवयात दवाखान्याचा खर्च येणार हे तर ठरलेलेच आहे. तेव्हा या खात्यात जमविलेला पैसा अडकून पडेल ही भीती फार धरण्याचे कारण नाही.

तिकडच्या मुलांसाठी चार सूचना

एक, मेडिकेअर सुरू झाल्यावर या खात्यात नवे पैसे टाकता येत नाहीत. ६५ नंतर उशिरा नाव नोंदविले तर रुग्णालय विमा सहा महिन्यांपर्यंत मागच्या तारखेने लागू होतो. म्हणून नाव नोंदविण्याच्या सहा महिने आधीच भरणा थांबवावा. दोन, वारस म्हणून पत्नीचे किंवा पतीचे नाव असेल तर खाते तसेच त्यांच्या नावे पुढे चालते. इतर कोणी वारस असेल तर ते खाते त्या क्षणी आरोग्य खाते राहत नाही आणि रक्कम त्या वर्षीचे उत्पन्न धरली जाते. तीन, पावत्या जपणे ही खातेदाराची जबाबदारी आहे. चौकशी झाली तर पुरावा त्यानेच द्यायचा आहे. चार, कायमचे भारतात परतायचे असेल तर खाते राहते, आणि भारतात घेतलेल्या कायदेशीर उपचारांचा खर्चही त्यातून करता येतो. परंतु येथील रहिवासी झाल्यावर भारतीय प्राप्तिकराचा हिशेब वेगळा असतो. परतण्यापूर्वीच दोन्ही देशांचे कर जाणणाऱ्या सल्लागाराला विचारावे.

नाण्याची दुसरी बाजू

हे खाते म्हणजे सर्व दुखण्यांवरचा इलाज, असे मात्र आम्ही मानत नाही. करमाफीचा फायदा जास्त कर भरणाऱ्याला जास्त होतो. ज्याला कर फारसा लागतच नाही, त्या हमालाला किंवा शिवणकाम करणाऱ्या भगिनीला त्यातून काय मिळणार? शिवाय पहिले १,७०० डॉलर खिशातून जाणार म्हटल्यावर गरीब माणूस डॉक्टरकडे जाणेच टाळतो, गोळ्या पुरवून पुरवून खातो, आणि लहान दुखणे मोठे होते. ही टीका अमेरिकेतही होते आणि ती खरी आहे. तेथील बहुसंख्य खातेदार पैसे गुंतवीतच नाहीत. आलेले पैसे दवाखान्यात जातात किंवा रोख पडून राहतात. म्हातारपणाची पुंजी त्यातून जमते ती ज्याच्याकडे दवाखान्याचे बिल खिशातून भरूनही काही शिल्लक राहते त्याची.

तरीही या रचनेतून एक शिकवण निघते आणि ती कोणत्याही देशात खरी ठरावी. तिचा क्रम असा : आधी मोठ्या आजाराचे छत्र, मग लहान दुखण्याचा वेगळा पैसा, आणि या दोन्हींच्या आड सुरक्षित राहणारी म्हातारपणाची जमा. यांतील पहिल्या दोन गोष्टी नसतील तर तिसरी टिकत नाही. आपल्याकडे आपण तिसरीचा विचार करतो आणि पहिल्या दोन सोडून देतो.

आपला माणूस उघडा का पडतो

मोठ्या कारखान्यातील कामगाराला भविष्य निर्वाह निधी असतो. तो त्याच्या पगारातून न विचारता कापला जातो, आणि न विचारता कापला जातो म्हणूनच जमतो. मालेगाव-भिवंडीच्या मागवाल्याला, मिरजेच्या तंतुवाद्य कारागिराला, मुंबईच्या जरीकामगाराला, तालुक्याच्या गावी बेकरी किंवा पादत्राणांचे दुकान चालविणाऱ्याला असे कापणारे कोणी नाही. त्याची कमाई गल्ल्यात येते आणि गल्ल्यातूनच घर चालते, लग्ने होतात, माल भरला जातो.

यातून एक मोठा गैरसमज रुजला आहे. भांडवल म्हणजेच बचत, असे आपण समजतो. दुकानातला पाच लाखांचा माल हा तेजीत पाच लाखांचा असतो. मालक इस्पितळात पडला आणि आठवड्यात पैसे उभे करायचे झाले, तर तोच माल पडत्या भावाने जातो. उधारी तर अशा वेळी वसूलच होत नाही. उलट सूतवाला आणि घाऊक व्यापारी आपले पैसे आधी मागतात. माग विकला तर कमाईचे साधन जाते. म्हणजे एका आजारात उपचाराचा पैसा जातो, धंदा जातो आणि म्हातारपणही जाते.

कारागिराची स्थिती आणखी नाजूक आहे. त्याचे भांडवल म्हणजे त्याचे हात, डोळे आणि कंबर. जरीकाम करणाऱ्याची नजर पन्नाशीत साथ सोडू लागते. मागावर आयुष्य घालविलेल्याच्या छातीत कापसाची धूळ आणि कानात खडखडाट बसलेला असतो. साठाव्या वर्षी निवृत्त व्हायचे की नाही हे त्याला ठरविता येत नाही, ते त्याचे शरीर ठरविते.

आज येथे काय उपलब्ध आहे

भारतात अमेरिकेसारखे एकत्र खाते नाही. आरोग्य विम्याच्या हप्त्यावर प्राप्तिकरात वजावट मिळते, तीही केवळ जुनी करपद्धती निवडणाऱ्याला. पण वरील तीन पायऱ्या वेगवेगळ्या ठिकाणांहून जोडता येतात.

पहिली पायरी मोठ्या आजाराच्या छत्राची. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२३ च्या निर्णयानुसार सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना खुली झाली असून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेच्या जोडीने वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार तीत होतात. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचे कार्ड मिळू शकते. हे उपचार योजनेत सामील झालेल्या इस्पितळांतच आणि यादीतील आजारांवरच होतात, ही त्यांची मर्यादा आहे. म्हणून आपल्या जवळचे कोणते इस्पितळ यादीत आहे ते धडधाकट असतानाच पाहून ठेवावे. रेशनकार्डावर आणि आधारवर नाव वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेले असले, की ऐनवेळी खोळंबा होतो. आपल्या घरांत शेख, सय्यद, बी, बानो यांच्या लेखनात असे घोळ फार असतात. ते आजच दुरुस्त करून घ्यावेत.

ज्याला परवडते त्याने खासगी आरोग्य विमाही घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी काढून टाकण्यात आला आहे. ६५ वर्षांनंतर नवी पॉलिसी घेता येणार नाही ही अट विमा नियामकाने २०२४ मध्ये काढली, आणि आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षे केला. पण साखर किंवा रक्तदाब लपवून पॉलिसी घेऊ नये. फॉर्मवर खोटे लिहिले तर दावा नाकारला जातो, आणि दोष आपल्याकडे राहतो.

दुसरी पायरी लहान दुखण्याची. सरकारी योजनांत भर आहे तो भरती होऊन घेतलेल्या उपचारांवर. दर महिन्याच्या साखरेच्या गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, चष्मा, दात हे सारे खिशातूनच. यासाठी गल्ल्यापासून वेगळे बँक खाते काढावे आणि त्यात घराच्या दोन-तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम कायम ठेवावी. ती वापरली तर पुन्हा भरून काढावी. अमेरिकेतील खातेदाराप्रमाणे पावत्या फाइलला लावाव्यात. वर्षअखेरीस घराचे आजारपण किती रुपयांचे आहे हे कळेल. आज ते बहुतेकांना ठाऊकच नसते.

तिसरी पायरी म्हातारपणाची. अठरा ते चाळीस वयाच्या कारागिराला, तो प्राप्तिकर भरणारा नसेल तर, अटल पेन्शन योजना आहे. तीत साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपये मिळतात. राष्ट्रीय पेन्शन योजना २००९ पासून सर्व नागरिकांना खुली आहे आणि गंभीर आजारासाठी आपल्या भरण्यातील काही भाग तीतून मधेच काढता येतो. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, पंधरा वर्षांचा आहे आणि वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतो. त्याची दोन कलमे व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावीत. धंद्यातील कर्जासाठी कोर्टाच्या हुकमानेही पीपीएफवर जप्ती येत नाही. आणि स्वतःच्या, पत्नीच्या, अवलंबून असलेल्या मुलांच्या किंवा आईवडिलांच्या जिवावरच्या आजारासाठी पाच वर्षांनंतर खाते मुदतीआधी बंद करून पैसे घेता येतात. अमेरिकेतील आरोग्य खात्याच्या जवळ जाणारे आपल्याकडे काही असेल तर ते हेच.

व्याजाचा प्रश्न

येथे आपल्या वाचकांपुढे प्रश्न उभा राहतो. पीपीएफवर व्याज मिळते, पेन्शन योजनेचा काही भाग कर्जरोख्यांत असतो. अमेरिकेतील आरोग्य खात्यातही रोख ठेवली तर व्याजच जमा होते. मात्र अनेक ठिकाणी ती शेअर्सच्या फंडात वळविता येते. विम्याबाबतही उलेमांत एकमत नाही. यात फतवा देणे हे या पानाचे काम नव्हे. ज्याने-त्याने आपल्या भरवशाच्या आलिमाला विचारावे, आणि जमा वाढली की तिच्यावरील जकातीचाही मसला त्याच बैठकीत विचारून घ्यावा.

आमचे म्हणणे एवढेच की व्याज नको म्हणून बचतच नको, हा निष्कर्ष चुकीचा आहे. चालू खात्यात बिनव्याजी पैसा ठेवता येतो. सोने घेता येते. शरीयतच्या निकषांनी निवडलेल्या कंपन्यांत पैसा घालणारे, सेबीच्या देखरेखीखालचे म्युच्युअल फंडही भारतात आहेत. त्यांत चढउतार असतात, म्हणून पाच-सात वर्षांत लागणारा पैसा त्यांत घालू नये.

परंतु 'हलाल नफा' हा शब्द ऐकून डोळे मिटून पैसे देऊ नयेत. बंगळूरच्या आयएमए या पेढीने याच नावावर हजारो मुस्लिम कुटुंबांच्या ठेवी गोळा केल्या. जून २०१९ मध्ये तिचा चालक देश सोडून पळाला आणि जुलैत परतल्यावर दिल्लीत पकडला गेला. ठेवीदारांत छोटे व्यापारी होते, विधवा होत्या, लेकीच्या लग्नाचे पैसे ठेवणारे बाप होते. दरमहा ठराविक आणि भरघोस नफ्याची हमी देणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत : नफा कोणत्या धंद्यातून येतो, आणि तुमच्यावर देखरेख कोणाची? समाधानकारक उत्तर नसेल तर दाढी-टोपी पाहून सही करू नये.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की रोजचेच भागत नाही, तेथे बचत कसली? खरोखरच ज्याची चूल मुश्किलीने पेटते, त्याला बचतीचा उपदेश करणे हा त्याचा अपमान आहे. त्याच्यासाठी सरकारी कार्ड हीच पहिली पायरी, आणि तिला पैसे लागत नाहीत. पण ज्याचे पान-तंबाखू-चहावर रोज पन्नास रुपये जातात, त्याने हिशेब करावा. रोजचे पन्नास, वर्षातील तीनशे कामाचे दिवस, म्हणजे १५,००० रुपये. पंचवीस वर्षांत एक पैसाही न वाढता ३ लाख ७५ हजार. महागाई त्यातील बरेच खाईल हे खरे, म्हणून कमाई वाढेल तशी रक्कमही वाढवीत जावी.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्याचा. धंद्यातला रुपया दोन रुपये मिळवतो, तो बाहेर काढून निजवायचा कशाला? धंद्यातला रुपया दोन मिळवतो आणि कधी स्वतःही बुडतो. नोटाबंदी २०१६ मध्ये आली, टाळेबंदी २०२० मध्ये. दोन्ही वेळा ज्याचा सारा पैसा माल आणि उधारीत होता तो आधी बसला. वर्षाच्या नफ्यातील दहावा हिस्सा धंद्याबाहेर गेला म्हणून धंदा मोडत नाही.

तिसरा आक्षेप, मुले आहेत ना! मुलांनी आईबापांची खिदमत करावी ही आपल्या दीनची शिकवण आहे, आणि ती अनेक मुले पाळतात. पण मुलाच्याही घरी लेकरे आहेत, त्याच्याही दुकानाला मंदी आहे. बापाच्या बायपासचे बिल आणि नातवाची कॉलेजची फी एकाच महिन्यात आली, तर मुलाने काय करावे? आपल्या म्हातारपणाची तरतूद करणारा बाप मुलावर अविश्वास दाखवीत नसतो, तो मुलाचे ओझे हलके करीत असतो.

आमची अपेक्षा

सरकारकडे आमची एक मागणी आहे. ज्यांना मालक नाही, पगारपत्रक नाही, अशा धंदेवाईकांसाठी आजारपण आणि म्हातारपण दोन्ही सांभाळणारे एकच सोपे खाते असावे. त्यात नफा-तोट्याच्या तत्त्वावरील बिनव्याजी पर्यायही असावा. करमाफीने गरिबाला काही मिळत नाही, म्हणून गरिबाच्या खात्यात सरकारने स्वतः काही भर घालावी. आणि या खात्याच्या नावाखाली सरकारी इस्पितळांकडे दुर्लक्ष होऊ नये. खिशातून भरण्याची सक्ती गरिबाला डॉक्टरपासून दूर नेते, हा अमेरिकेचा अनुभव डोळ्यांपुढे ठेवावा.

पण सरकार जागे होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. व्यापारी संघटनांनी आणि जमातींनी वर्षातून एक दिवस आरोग्य कार्डांच्या शिबिरासाठी द्यावा, कागदांतील नावे दुरुस्त करून द्यावीत. वाचकांनी या महिन्यात तीन कामे करावीत. घरातील प्रत्येकाचे कार्ड आहे की नाही ते पाहावे, दवाखान्यासाठी वेगळे खाते काढावे, आणि म्हातारपणाच्या नावाने पहिली रक्कम, ती कितीही लहान असो, गल्ल्याबाहेर काढावी. खात्याला नॉमिनी लावावा आणि घरातील बाईमाणसाला कागद कोठे आहेत ते सांगून ठेवावे. आजार आल्यावर हे करायला वेळ मिळत नाही, आणि म्हातारपण आल्यावर करण्यासारखे फारसे उरत नाही.